एका तारेवर सहा उपकरणं : कांदोळीतल्या एका घरातली एचडीएमआय-सीईसी जोडणी

घर गोव्यातल्या कांदोळीत, समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर. जुन्या चिऱ्याच्या भिंती, वर नवा स्लॅब. हॉलमध्ये ६५ इंची टीव्ही, त्याखालच्या कपाटात एव्ही रिसीव्हर, म्हणजे सगळ्या उपकरणांचं चित्र टीव्हीला आणि आवाज स्पीकरला देणारा डबा, त्याला पाच स्पीकर आणि एक सबवूफर. शेजारी फायर टीव्ही स्टिक, ब्लू-रे प्लेअर, प्लेस्टेशन ५ आणि डिशचा सेट-टॉप बॉक्स. प्रत्येकाचा रिमोट वेगळा. घरच्यांची मागणी साधी होती. आजीच्या हातात एकच रिमोट राहावा. त्याने टीव्ही लागावा, आवाज मोठ्या स्पीकरमधून यावा, कमी-जास्त व्हावा आणि बंद केल्यावर सगळंच बंद व्हावं. शिवाय एक तक्रार आधीपासूनची होती. रात्री लाइट जाऊन परत आली की टीव्ही आपोआप चालू होतो, आणि काही वेळा रिसीव्हरचा आवाज टीव्हीच्या रिमोटला अजिबात दाद देत नाही.

अशा तक्रारीवर बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो तो केबल बदलण्याचा. केबल तपासावी लागतेच, पण त्याआधी ही उपकरणं आपापसात बोलतात कशी ते समजून घेतलं नाही, तर महागडी केबल आणूनही तेच होणार.

एचडीएमआयच्या प्लगमध्ये १९ पिना असतात. चित्र आणि ध्वनी वाहून नेणाऱ्या जोड्या वेगळ्या. १३ नंबरची पिन सीईसीची, म्हणजे उपकरणांनी एकमेकांना आज्ञा देण्यासाठीची. टीव्हीचे सगळे एचडीएमआय पोर्ट आणि रिसीव्हरचे सगळे इनपुट यांच्या १३ नंबरच्या पिना आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. चित्राच्या केबली सहा उपकरणांत वेगवेगळ्या दिसल्या, तरी सीईसीची तार घरभर एकच. एकाने ती ओढून धरली की सगळेच मुके. चित्र उत्तम दिसतंय म्हणून केबल आणि जोडणी ठीक आहे, हा निष्कर्ष इथे चालत नाही.

ही तार रिकामी असताना ३.३ व्होल्टवर असते. प्रत्येक उपकरण आत साधारण २७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून तिला वर धरून ठेवतं, आणि बोलायचं असेल तेव्हा खाली ओढतं. वेग फार कमी, सेकंदाला जेमतेम ४०० बिट. एक बिट २.४ मिलिसेकंदांचा. दहा बिटांचा एक गट, त्यात आठ बिट मजकुराचे, एक ‘संपलं की नाही’ सांगणारा आणि एक पोच देणारा. ‘आता पडद्यावर मी आहे’ ही आज्ञा चार गटांची, सुरुवातीच्या खुणेसकट साधारण १०० मिलिसेकंद खाते. भजनात दोघांनी एकदम अभंग उचलला की एकजण थांबतो, तसंच इथेही होतं, ज्याचा पत्ता लहान त्याचं बोलणं पुढे चालतं आणि दुसरा थांबून पुन्हा प्रयत्न करतो. लाइट परत आल्यावर सहा उपकरणं एकदम जागी झाली तर पहिले काही सेकंद ही तार गजबजलेली असते. त्या वेळात रिमोटची बटणं दाबत राहिल्याने गोंधळ वाढतोच.

पत्ते दोन प्रकारचे. एक कामाचा पत्ता, ० ते १५. टीव्ही नेहमी ०, ध्वनियंत्रणा ५, ट्यूनर म्हणजे सेट-टॉप बॉक्स ३, ६, ७ किंवा १०, आणि प्लेअर ४, ८ किंवा ११. म्हणजे प्लेअर म्हणवणारी उपकरणं तीनच बसतात. या घरात स्टिक, ब्लू-रे आणि प्लेस्टेशनने तिन्ही जागा भरल्या. उद्या अँड्रॉइड बॉक्स आणला आणि त्यानेही स्वतःला प्लेअरच म्हणवलं, तर त्याला पत्ता मिळत नाही. तो बिघडलेला नसतो, त्याला जागा नसते. ग्राहकाने ‘नवीन बॉक्स खराब निघाला’ म्हणत दुकानात परत नेण्याआधी एवढं मोजून बघावं.

दुसरा पत्ता जागेचा. टीव्हीच्या तिसऱ्या पोर्टवर रिसीव्हर असेल तर त्याचा पत्ता ३.०.०.०, आणि रिसीव्हरच्या पहिल्या इनपुटवरच्या स्टिकचा ३.१.०.०. हा पत्ता वरून खाली मिळतो. टीव्ही रिसीव्हरला देतो, रिसीव्हर पुढच्यांना देतो. जोडणीचा क्रम म्हणूनच महत्त्वाचा.

आता केबल. किनाऱ्यालगतच्या घरांत प्लग उपसून उजेडात धरला की पिनांवर पांढरट किंवा हिरवट थर दिसतो, विशेषतः दोन पावसाळे काढलेल्या केबलीत. १३ नंबरच्या पिनेतून जाणारा प्रवाह अगदी बारीक, ३.३ व्होल्ट भागिले २७ किलोओहम म्हणजे एका रेझिस्टरमागे ०.१२ मिलिअँपच्या आसपास. एवढ्याशा प्रवाहाने थर फुटत नाही. म्हणून चित्र व्यवस्थित चालू असतानाच सीईसी कधी आहे, कधी नाही, असं होतं. आम्ही आधी सगळे प्लग काढले, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पिना पुसल्या, सुकू दिल्या. पोर्टमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा मारला, तोही सगळं भिंतीवरच्या स्विचला बंद करून. रिसीव्हर ते टीव्ही ही केबल मात्र नवीन घातली. एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज उलट दिशेने रिसीव्हरकडे आणणारी वाट, १४ आणि १९ या पिनांवरून जाते, आणि जुन्या स्वस्त केबलीत ही जोडी नीट पिळलेली नसते. प्रीमियम हाय स्पीड किंवा अल्ट्रा हाय स्पीडचं क्यूआर लेबल असलेली दोन मीटरची केबल पुरते. आठ-दहा मीटरच्या पुढे जायचं असेल, समजा हॉलच्या दुसऱ्या टोकाला प्रोजेक्टर आहे, तर ऑप्टिकल केबल लागते. तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. ती उलटी ओढली गेली तर चित्र येत नाही, आणि चिऱ्याच्या भिंतीवर केसिंग-कॅपिंग मारून झाल्यावर ती परत ओढणं हे फार कष्टाचं काम. सगळ्या ऑप्टिकल केबली एआरसी नेतात असंही नाही, खोका वाचूनच घ्यावी.

मग क्रम. सगळी उपकरणं भिंतीवरच्या स्विचला बंद. नुसत्या रिमोटने बंद केलेलं उपकरण सीईसीपुरतं जागंच असतं आणि जुने पत्ते धरून बसतं. दहा मिनिटं थांबून आधी फक्त टीव्ही लावला, होम स्क्रीन पूर्ण येऊ दिली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू केलं. प्रत्येक कंपनीने त्याचं वेगळं बारसं केलंय: सोनीत ब्राव्हिया सिंक, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, फिलिप्समध्ये ईझीलिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक. आत भाषा एकच. मात्र एचडीएमआयचं पहिलं मानक २००२ सालचं, आणि सीईसीच्या आज्ञांचा संच सविस्तर ठरला तो २००५ च्या १.२ए आवृत्तीत. त्यातल्या किती आज्ञा पाळायच्या हे बऱ्याच अंशी कंपनीवर सोडलेलं आहे. दोन कंपन्यांची उपकरणं चालू-बंद आणि आवाज एवढ्यावर जुळतात, पण मेनूच्या बारीक बटणांवर अडतात, ते यामुळे.

त्यानंतर रिसीव्हर. त्याच्या मॉनिटर १ या आउटपुटमधून टीव्हीच्या ज्या पोर्टवर एआरसी किंवा ईएआरसी (एआरसीचीच सुधारलेली आवृत्ती) छापलेलं आहे, नेमकं त्याच पोर्टात. रिसीव्हरला दोन आउटपुट असले तरी सीईसी आणि एआरसी बहुधा पहिल्यावरच चालतात. रिसीव्हरच्या मेनूत एचडीएमआय कंट्रोल चालू, एआरसी चालू. टीव्हीत आवाजाचं आउटपुट ‘ऑडिओ सिस्टीम’, डिजिटल आउटपुट ‘ऑटो’ किंवा ‘पासथ्रू’. ते ‘पीसीएम’वर राहिलं तर साध्या एआरसीवरून फक्त दोन चॅनल येतात आणि मागचे स्पीकर गप्प राहतात. इथे थांबून तपासलं: टीव्हीच्या रिमोटने आवाज वाढवला की रिसीव्हरच्या पडद्यावरचा आकडा हलतोय का. हलला, मगच पुढे.

पुढची उपकरणं एकेक करून. स्टिक रिसीव्हरच्या पहिल्या इनपुटवर, ब्लू-रे दुसऱ्यावर, प्लेस्टेशन तिसऱ्यावर. प्रत्येक जोडल्यावर चालू-बंद आणि आवाज पुन्हा तपासायचा. ही सावकाशी कंटाळवाणी वाटते, पण एकाच तारेवर कोणामुळे बिघाड झाला हे कळायला दुसरा मार्ग नाही. स्टिकमध्ये ‘डिस्प्ले अँड साउंड्स’ या भागात एचडीएमआय सीईसी डिव्हाइस कंट्रोल असतं. प्लेस्टेशनमध्ये सिस्टीम, मग एचडीएमआय, तिथे डिव्हाइस लिंक. प्लेस्टेशनची वन-टच प्ले, म्हणजे ते लावलं की टीव्हीही लागण्याची सोय, चालू ठेवली, पण पॉवर ऑफ लिंक बंद केली, कारण टीव्ही बंद केला की मुलांचा अर्धवट खेळ तसाच झोपी जात होता.

स्टिकबद्दल एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात सापडते. तिची वीज टीव्हीच्या यूएसबीतून घेतलेली असते. टीव्ही बंद झाला की स्टिकही मरते, आणि टीव्ही लावला की ती नव्याने सुरू होऊन थोड्या वेळाने ‘पडद्यावर मी’ अशी घोषणा करते. आजीने बातम्या लावलेल्या असतात आणि मध्येच पडदा स्टिकवर उडी मारतो. तिला तिचा स्वतःचा अडॅप्टर भिंतीवर दिला की हे थांबतं.

शेवटी सेट-टॉप बॉक्स, रिसीव्हरच्या चौथ्या इनपुटवर. आणि इथेच तक्रार सापडली.

तारेवर काय बोललं जातंय ते पाहायला आम्ही रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर वापरतो. त्याच्या एचडीएमआयला सीईसी आहे, साध्या कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डांना बहुधा नसतं. त्यावर सीईसी-क्लायंट नावाचा मोफत प्रोग्रॅम चालतो आणि तो स्वतःला रेकॉर्डर म्हणून १ नंबरवर बसवतो, त्यामुळे प्लेअरची जागा अडत नाही. स्कॅन केलं की तारेवरचे सगळे पत्ते, कंपनीचं नाव आणि चालू की झोपेत हे दिसतं. मग रिसीव्हर आणि पाय चालू ठेवून बाकी सगळं भिंतीवरून बंद केलं आणि लाइट आल्यासारखं परत चालू केलं. थोड्याच वेळात पडद्यावर ओळ आली, ३०:०४. म्हणजे ३ कडून ० ला, बॉक्सकडून टीव्हीला, आज्ञा ०४: जागा हो. तिच्या पाठोपाठ ३एफ:८२:३४:००. ३ कडून सर्वांना, ८२ म्हणजे पडद्यावर मी आहे, पत्ता ३.४.०.०. वीज मिळताच बॉक्स सुरू होत होता आणि कोणी न सांगता टीव्हीला उठवत होता. रात्री तीन वाजता लाइट आली तरी हेच.

दुसरी तक्रार, आवाजाची, मल्टिमीटरने पकडली. एचडीएमआयच्या १९ पिना स्क्रूच्या टर्मिनलवर बाहेर काढून देणारा छोटा बोर्ड मिळतो. तो रिसीव्हरच्या मोकळ्या इनपुटवर लावला, मीटर डीसी व्होल्टवर ठेवला, लाल टोक १३ वर आणि काळं १७ वर. सगळी उपकरणं चालू असताना ३.२ च्या आसपास, म्हणजे ठीक. या घरात बॉक्स रात्री भिंतीवरच्या स्विचला बंद करायची सवय आहे. तसा तो बंद केला, की आकडा उतरला. एकेक उपकरण काढत गेल्यावर तो आणखी उतरत गेला. शेवटी बोर्ड टीव्हीला लावून, टीव्ही आणि बंद बॉक्स एवढेच ठेवले तेव्हा १.६ च्या जवळ.

कारण सरळ आहे. बंद उपकरणाने या तारेवरून १.८ मायक्रोअँपपेक्षा जास्त प्रवाह ओढू नये, असं मानक सांगतं. त्यासाठी आत डायोड किंवा तसंच काही असावं लागतं. या बॉक्समध्ये ते नव्हतं किंवा उडालेलं होतं. मग वीज नसताना त्याचा २७ किलोओहमचा रेझिस्टर तारेला वर धरण्याऐवजी खाली खेचतो. वर खेचणारा एक आणि खाली खेचणारा एक, दोन्ही सारखे, म्हणजे ३.३ चे अर्धे, १.६५. सीईसीत २.० च्या वर ‘उंच’ आणि ०.८ च्या खाली ‘खाली’ मानतात, मधला भाग कोणाचाच नाही. दिवसा सगळी उपकरणं वीज घेत असली की वर खेचणारे जास्त, म्हणून काम चालतं. रात्री कमी उपकरणं जागी राहिली की बंद पडतं. ‘कधी चालतं, कधी नाही’ या तक्रारीच्या मुळाशी असा साधा गुणाकार-भागाकार असतो, तो मीटर लावल्याशिवाय दिसत नाही.

ईएआरसी असलेल्या घरात आणखी एक खूण उपयोगी पडते. २०१७ साली २.१ आवृत्तीत आलेलं ईएआरसी आवाज सुरू करायला सीईसीवर अवलंबून नसतं, २००९ च्या १.४ मधलं साधं एआरसी असतं. म्हणून स्पीकरमधून आवाज येतोय पण रिमोटने कमी-जास्त होत नाही, तर ईएआरसी जिवंत आणि सीईसी मेलेलं. दोन्ही एकदम गेले तर बहुधा साधं एआरसी आहे आणि बिघाडाचं मूळ सीईसीतच. (नुसता मोठा आवाज हवा म्हणून ईएआरसीचा टीव्ही घ्यायची गरज नाही. या घरात ब्लू-रे आणि प्लेस्टेशन थेट रिसीव्हरला आहेत, त्यांचा पूर्ण दर्जाचा आवाज तिथेच उतरतो. एआरसीवरून येतात ते टीव्हीतले ॲप आणि डिशचे चॅनल, त्यांना डॉल्बी डिजिटल आणि डॉल्बी डिजिटल प्लस पुरतं.)

बॉक्सच्या मेनूत सीईसी बंद करायची सोय नव्हती. तो रिसीव्हरवरून काढून थेट टीव्हीच्या मोकळ्या पोर्टात लावला तरी फरक पडत नाही, कारण टीव्हीतली तारही तीच. उपाय एकच: १३ नंबरची पिन नसलेला छोटा अडॅप्टर. बोटाच्या पेराएवढा, एका बाजूला प्लग, दुसऱ्या बाजूला पोर्ट, बाकी अठरा पिना सरळ. म्हापशाच्या दुकानांत तो मिळाला नाही, ऑनलाइन मागवावा लागला. पिनेवर टेप चिकटवून काम भागवू नये. प्लग घालताना टेप सरकते, शेजारच्या ११ किंवा १५ नंबरच्या पिनेवर जाते किंवा पोर्टातच अडकून बसते, आणि गोव्याच्या दमट हवेत तिचा गोंद पसरतो.

अडॅप्टर लावून बॉक्स टीव्हीच्या पहिल्या पोर्टात बसवला. रिसीव्हरवर ठेवला असता तर सीईसी नसल्याने त्याचं इनपुट रिसीव्हरच्या रिमोटने निवडावं लागलं असतं. टीव्हीवर बसवल्यामुळे त्याचा आवाज एआरसीवरून रिसीव्हरला जातो आणि मध्ये कोणाला काही निवडावं लागत नाही. आता तोच सेट-टॉप बॉक्सचा रिमोट आजीचा. असे बरेच रिमोट टीव्हीच्या रिमोटची बटणं शिकून घेतात. दोन्ही रिमोट दोन-चार सेंटिमीटरवर समोरासमोर धरून पॉवर, आवाज वाढ, आवाज घट आणि म्यूट एवढी चार बटणं शिकवली. आजी आवाज वाढवते तेव्हा टीव्हीला वाटतं आपल्याच रिमोटने सांगितलं, आणि तो ती आज्ञा सीईसीवरून ५ नंबरला, म्हणजे रिसीव्हरला, पुढे देतो. चॅनल बॉक्सच्याच रिमोटने बदलतात, त्यासाठी सीईसी लागत नाही.

‘सगळं बंद’ या मागणीत एक पेच असतो. टीव्ही बंद होताना ०एफ:३६ अशी आज्ञा सर्वांना पाठवतो, ‘झोपा’. सकाळी रिसीव्हरवर ब्लूटूथने अभंग लागलेले असतात, आणि कोणीतरी टीव्ही बंद केला की तेही बंद. काही रिसीव्हरमध्ये पॉवर ऑफ कंट्रोलला ‘ऑल’, ‘व्हिडिओ’ आणि ‘ऑफ’ असे तीन पर्याय असतात. ‘व्हिडिओ’ ठेवला की रिसीव्हरवर चित्राचं इनपुट निवडलेलं असेल तेव्हाच तो टीव्हीबरोबर झोपतो, गाणी लागलेली असतील तर चालू राहतो.

राहिला इन्व्हर्टर. वायरमनने टीव्ही आणि स्टिक इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतली होती, रिसीव्हर मोठा भार म्हणून थेट मेनवर. लाइट गेली की टीव्ही जागा आणि रिसीव्हर मेलेला. टीव्ही आपल्या स्पीकरवर येतो, लाइट परत आल्यावर रिसीव्हर झोपेत उठतो, आणि टीव्हीला तो परत आल्याचं कळेपर्यंत आवाज पातळच राहतो. मध्यम आवाजात रिसीव्हर इन्व्हर्टरला जड होत नाही. सीईसीवरची सगळी उपकरणं एकाच स्पाइक गार्डवर घेऊन तो इन्व्हर्टरच्या लाइनला लावला, आणि इन्व्हर्टर मागच्या स्विचने यूपीएस मोडवर ठेवला, म्हणजे लाइनवरून बॅटरीवर जाताना टीव्ही रीस्टार्ट होत नाही. सबवूफर तेवढा मेनवर राहू दिला, त्याला सीईसी नसतं. डिशची केबल मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट सुरू होताच बॉक्समधून काढून ठेवायला सांगितलं. वीज डिशवरून बॉक्समध्ये आणि बॉक्सच्या एचडीएमआयमधून टीव्हीच्या पोर्टात उतरते, आणि स्पाइक गार्ड ती वाट अडवत नाही.

मेनचा एमसीबी पाडून आणि परत उचलून तपासणी केली, टीव्ही चालू असताना एकदा आणि झोपेत असताना एकदा. चालू असताना चित्र आणि आवाज दोन्ही तसेच राहिले. झोपेत असताना पायच्या पडद्यावर ३०:०४ ही ओळ आली नाही. मग बॉक्स भिंतीवरून बंद करून १३ नंबरच्या पिनेवर पुन्हा मीटर लावला: ३.२.